विनिताच्या मळक्या फळ्या

आमच्या कोळीवाड्यात मधली काही वर्षं एकच कुजबुज चालू होती. रतनची विनिता मुंबईला विद्यापीठात सारखी नापास होतेय आणि घरचे लपवतायत.

ही बातमी पहिल्यांदा गोदूने बाजारात सोडली. गोदू गुपित सांगते तेव्हा आवाज इतका खाली आणते, की शेजारच्या तीन टोपल्यांपर्यंतच जावा. तिचा हिशेब सरळ होता. पोरीची पंधरावी झाली, सतरावी झाली, तेव्हा रतनने पेढे वाटले. त्यापुढची ही अशी कसली यत्ता, की वर्षामागून वर्ष जातंय, ना निकाल, ना पेढे? श्रीवर्धनकडचं एक चांगलं स्थळ येऊन चहा पिऊन गेलं. पोराच्या आईने वाटेत कोणाला तरी विचारलं आणि घरी जाऊन निरोप पाठवला, की एकाच वर्गात मुक्काम करणारी सून आम्हाला झेपायची नाही.

आता विनिता कोण, ते सांगतो. बाप लवकर गेला. आई रतन बोंबील सुकवायची आणि रेवदंडा-चौलच्या बाजारात विकायची. पोरीला वाढवलं खरं ते मामाने, काळूरामने. काळूमामाची स्वतःची बोट. पावसाळ्यात बोट वर ओढली की तिचं बूड खरवडायचं काम असतं. समुद्रात असताना बुडाला कवचाचे बारीक जीव चिकटतात, दगडासारखे घट्ट. त्यांनी बोट जड होते, डिझेल जास्त खाते. बाजारात रंग मिळतो, तो या जिवांना मारतो, पण तो विषारी. हळूहळू पाण्यात उतरतो आणि बाकीच्यांनाही सोडत नाही. मामाबरोबर खरवडता खरवडता या पोरीने विचारलं होतं, की ते मरायलाच कशाला हवेत, नुसते चिकटले नाहीत तर चालणार नाही का? मामाने सांगितलं, आधी तेवढं बूड पुरं कर.

तोच प्रश्न घेऊन ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला गेली. आमचे म्हातारे लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल फासायचे, तिथून तिने सुरुवात केली. ते तेल म्हणजे काळं डांबर. अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते. विनिताच्या बोटांची निघालेली मी पाहिलीय. आणि त्याच काळ्या घाणीतून काढलेला, मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा द्रव तिने एकदा छोट्या बाटलीत घालून घरी आणला. रतनने बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

दुसऱ्या वर्षी तिने त्या द्रवाचा लेप लावलेल्या लाकडी फळ्या आमच्या जेट्टीखाली पाण्यात टांगल्या. शेजारी काही बिनलेपाच्या, कोऱ्या. लेप काय करतो ते कोऱ्या फळीशी ताडून बघायचं. थंडीत टांगल्या, शिमगा झाल्यावर लगेच काढल्या. कोऱ्या फळ्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके जीव चिकटलेले. लेपाच्या फळ्या मात्र आरशासारख्या. तिच्या गाईड बाई फार कडक, पण त्यासुद्धा म्हणे खुर्चीतून उठल्या. असा निकाल लोकांना जन्मात मिळत नाही, आता लिहायला बस म्हणाल्या. शिष्यवृत्ती संपायच्या आत नावापुढे डॉक्टर लागणार, हे ठरल्यातच जमा होतं. रतनने पेढे नुसते मनात नव्हते आणले, पेढेवाल्याला सांगूनही ठेवले होते.

आणि आठवडाभरात ही बया अचानक जेट्टीवर हजर. काळूराम जाळं विणत बसला होता, मी त्याचा वेळ खात बसलो होतो. तिने मामाला सहज विचारावं तसं विचारलं, की मामा, माझ्या फळ्यांना कोणी हात लावला होता का?

काळूरामची छाती फुगली. आमच्याकडे शिमग्याला बोट धुऊनपुसून सजवतात, पूजा करतात. घरची कुठलीच वस्तू त्या दिवशी पाण्यात मळकी राहू देत नाहीत.

"मीच घासल्या गो," तो म्हणाला. "तुजं नाव टाकलेल्या फळ्या, शिमग्याला घाण ठेवू का? करवंटीनं घासल्या, हलक्या हातानं. तुज्या रंगाला धक्का न्हाय लावला."

"आणि त्या कोऱ्या?"

"त्या व्हय? मना वाटलं कोणी जळणाची लाकडं बांधलीत."

विनिता हसली. "किती जपून घासल्यास रे मामा," म्हणाली. घरी जाऊन तिने आईच्या हातचा चहा घेतला आणि संध्याकाळच्या आत मांडव्याहून लाँचने परत गेली. मला वाटलं, मामाचे आभार मानायला आली होती. एवढ्याचसाठी कोण येतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या थंडीत ती पुन्हा फळ्या घेऊन आली. या खेपेला मामाला बजावलं, की या मळल्या तर मळू देत, मला मळक्याच बघायच्यात. फळ्या वर आल्या त्या जिवांनी भरलेल्या. लेपाच्यासुद्धा. तशाच पिशवीत घालून घेऊन गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शिष्यवृत्ती संपली. ती कुठल्याशा कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत बसायची. तिकडे काळूराम चावडीवर डोकं धरून सांगत होता, की मी साफ करून दिल्या तवा शाबासकी मिळाली, आता हट्टानं मळक्या नेते, मग नापास न्हाय करणार तर काय. गोदूच्या बातमीला साक्षीदारही मिळाला तो असा, घरचाच.

अखेर एकदाचं बोलावणं आलं. तोंडी परीक्षा होती, कोणालाही येऊन बसता येतं म्हणे. रतन, काळूराम आणि मी मांडव्याहून लाँचने गेलो. काळूरामने पांढरी टोपी घातली होती आणि लाँचवर पाय ठेवताना एकदम गंभीर झाला होता. आम्हाला मागच्या रांगेत बसवलं. समोर विनिता इंग्रजीत बोलत होती, पडद्यावर षटकोन आणि रेघा. मला इंग्रजी थोडंफार समजतं. काळूरामला अजिबात नाही, पण तो मान डोलावत होता. आधीचे दोन नवे लेप फसल्यावर शेवटच्या थंडीत टांगलेला तिसरा टिकला होता. पूर्ण नाही, पण कोऱ्या फळीच्या मानाने निम्म्याहून कमी जीव चिकटले होते आणि जे चिकटले ते नुसत्या अंगठ्याने सुटत होते.

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या अहवालातला निकाल याहून कितीतरी चांगला आहे. तो प्रबंधात का नाही?"

"त्या फळ्या पाण्यात असताना घासल्या गेल्या होत्या, सर. भिंगाखाली लेपावर पांढरी वर्तुळं दिसली. जीव चिकटले होते, कोणीतरी काढले होते."

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं."

"हो, सर."

"घासल्या कोणी?"

विनिताने आमच्या रांगेकडे बघितलंसुद्धा नाही. "राखण माझी होती," ती म्हणाली. "किनाऱ्यावर मी कोणाला काही सांगून ठेवलं नव्हतं. चूक माझी."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जेट्टीवरचं ते हसणं, तो चहा, लगबगीने पकडलेली लाँच, सगळं मला एका दमात समजलं. आयुष्यभर मी माणसांच्या गोष्टी सांगत आलो, पण हातातला निकाल असा पाण्यात सोडणारं आणि वर मामाला कळूही न देणारं माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाढलं आणि मला पत्ता नव्हता.

काळूरामने कोपराने ढोसलं. "काय इचारतोय तो?"

"फळ्या कशा होत्या म्हणून."

"मंग सांग ना म्हणावं, दुसऱ्या वर्षी एकदम साफ होत्या."

मी त्याला गप्प बसवला. तो आता नाही. गेल्या पावसाळ्यात गेला, भाचीला डॉक्टर म्हणून हाक मारत आणि कोळीवाड्यातल्या सगळ्यांना गुडघेदुखी घेऊन तिच्याकडे पाठवत. म्हणून आता लिहायला हरकत नाही, आणि विनितानेही हो म्हटलंय.

विनिता कधीच नापास झाली नव्हती. काळूरामने फळ्या घासल्यामुळे दुसऱ्या वर्षाचा निकाल खोटा आला होता. ते तिला एकटीला कळलं, तिने गाईडना जाऊन सांगितलं, निकाल रद्द केला आणि काम पहिल्यापासून केलं. म्हणून इतकी वर्षं लागली.