रेकॉर्डची परडी
गरम प्लॅस्टिकचा वास आला की मला कोल्हारचं सासर आठवतं. एकाहत्तर साल असावं. मी जवळच्या मिशन दवाखान्यात नर्स होते. तिथल्या अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी जाताना सामान विकत होत्या, तेव्हा त्यांची एक जुनी रेकॉर्ड मी मागून विकत घेतली. कव्हरवर घोड्याशेजारी गिटार घेतलेला, रुंद टोपीचा माणूस होता. तिकडच्या गुराख्यांची गाणी, असं बाई सांगायच्या. शब्द कळत नसत, पण ड्यूटी संपल्यावर त्यांच्या व्हरांड्यात ती ऐकताना पायांचा ठणका विसरायला व्हायचं. आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं मशीन नव्हतं. ते कधीतरी येईल म्हणून रेकॉर्ड मी साड्यांच्या घडीत जपून ठेवली होती. एका संध्याकाळी कामावरून आले तर घरभर तो वास. नणंदेनं रेकॉर्ड उकळत्या पाण्यात मऊ केली होती आणि पातेल्यावर दाबून तिची फुलांसाठी परडी बनवली होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ती कौतुकानं हातात घेत होत्या. "तुला ही कुणी दिली?" मी नणंदेला विचारलं. "दादानंच काढून दिली की." दारात उभे असलेले माझे यजमान म्हणाले, "घरात मशीन न्हाई. नुसती पडून हुती, आता कामाला तरी आली." सासूबाई म्हणाल्या, "झ्याक झालीय न्हाई गं?" सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. "लई छान," मी म्हणाले आणि हसलेसुद्धा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्यावरचा राग कधीच निवला. माझं ते हसणं मात्र मला अजून सहन होत नाही.