पाहुण्या संघाची पंगत

माझ्या सासरचा कबड्डीचा संघ गावात कधी हरत नसे. का? तर म्हणे गावची माती! धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मैदान आखायचं आणि तीच माती कपाळाला लावून या मर्दांनी शड्डू ठोकायचे. दुसऱ्या गावी गेले की मार खाऊन परत. मग तिथला पंच लबाड! इथला पंच नवऱ्याचा चुलतभाऊ, तो मात्र धर्मराज.

माती कसली डोंबलाची! पाहुण्यांना हरवायचो आम्ही बाया. संघ आला की आधी पंगत. मटणाचा रस्सा, भाताचे ढीग, उडदाचे वडे, आणि "घ्या नं पाहुणे, लाजता काहून?" नको म्हटलं तर यजमानाचा अपमान. हात धुतो न धुतो तोच शिट्टी. कबड्डी म्हणजे सगळा दमाचा खेळ, भरल्या पोटी दम टिकतो होय? चुलीशी डोळे आम्ही फोडायचे आणि मिशांना पीळ यांनी द्यायचा.

ऐंशीच्या आगेमागे एका वर्षी माझ्या माहेरचा, दिघोरीकडचा संघ आला. चढाईला माझा धाकटा भाऊ, आणि इकडचा कप्तान माझा नवरा. आठवडाभर घरात एकच तुणतुणं, "साल्याले असा आपटतो का पाहातच राहाल!" भाऊ माझ्या दारात तोंडघशी पडला असता तर जन्मभर मलाच टोमणे ऐकावे लागले असते.

पंगतीत सासू पाठीशीच उभी. "अवं, भावाले पोटभर वाढ. कंजूशी नोको करू."

मी त्याच्या पानात मूठभर भात वाढला, मटणाच्या दोन फोडी टाकल्या आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही. शेजारचा त्याला म्हणाला, "काहून बा, बहीण ओळखत नाही का तुले?" पोराचं तोंड एवढंसं झालं. माझा जीव तुटला, पण सासूसमोर बोलणार काय? त्याचा वाटा मी घरात झाकून ठेवला. सामना झाला की बसवून जेवू घालीन म्हटलं.

तो रागानं पेटून खेळला. नवऱ्यानं त्याचा पाय धरला, तर नवऱ्यालाच फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला. गाव पहिल्यांदा घरच्या मैदानात हरलं. भाऊ ट्रॅक्टरवर नाचत तसाच निघून गेला, घरात पाऊल टाकलं नाही. झाकलेलं मटण नवऱ्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि ढेकर देत म्हणाला, "औंदा बांधी ओली राहून गेली."

पुढे भावाला सगळं समजावून सांगितलं. तर हा दुसरा शहाणा! "दम माह्या छातीतला हाय, बाई. भाताचं काय घेऊन बसली?"

तेव्हापासून तो माझ्याकडे येतो, पाणी पितो, भाच्यांना खेळवतो. मी पान मांडायला उठले की म्हणतो, "जेवूनच आलो, बाई."