सतरा नंबरची खोली

ठिणगीने आयुष्यात कुणाच्याही बोलण्यावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही. डॉक्टरने गोळी लिहून दिली की ती केमिस्टला विचारते, आणि केमिस्टने लगेच मान डोलावली तर दुसऱ्या केमिस्टकडे जाते. तिचं खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक सांगतं, खिडकी चार बाय तीन. ही टेप घेऊन त्याच्या दारात हजर.

"अहो ताई, माझ्या घरची खिडकी मला माहीत नाही का?"

"तुम्ही खिडकीतून बाहेर बघता. खिडकीकडे कधी बघितलंय?"

मोजल्यावर निघते पावणेचार. मग ती जी नजर टाकते, त्या नजरेपायी निम्मी गिऱ्हाइकं पुन्हा येत नाहीत आणि उरलेली निम्मी दुसरीकडे जात नाहीत. ठिणगी हे नाव वेल्डिंगवरून पडलं असं ती सांगते. गल्लीचं मत वेगळं आहे.

हा संशय तिला बापाकडून आला. बाप आता एक्याऐंशीचा, गुडघे गेलेले, कान मात्र नको तेवढे शाबूत. त्याचा जन्म खाणीच्या गावातला. तो चार वर्षांचा असताना त्याचा बाप, म्हणजे ठिणगीचा आजा, एका पहाटे नाहीसा झाला. बायकोपोरं टाकून पळाला, असं कंपनीने वहीत लिहिलं आणि तीन दिवसांत खोली रिकामी करून घेतली. आजी एक गाठोडं आणि एक पोर घेऊन चालत शहरात आली, मरेपर्यंत लोकांची भांडी घासली आणि एकच वाक्य बोलत राहिली: "तो पळणारा नव्हता." कुणी ऐकलं नाही. आजीच्या मागोमाग गावातली दोन-तीन घरंही शहरात आली होती, त्यामुळे शाळेत, दुकानात, अगदी लग्नाच्या मांडवातही बापाच्या पाठीमागे कुजबुज असायची: पळपुट्याचा पोरगा.

गेल्या महिन्यात पेपरात जाहिरात आली. खाण बंद होऊन जमाना झाला, आता नगरपालिका कामगारांच्या जुन्या खोल्यांची रांग जतन करणार आहे. आपले पूर्वज कोणत्या खोलीत राहत होते हे जो दाखवील, त्याच्या घरच्या माणसाचं नाव त्या दारावर लागणार.

"फुकट पाटी?" ठिणगी म्हणाली. "यात काहीतरी गोम आहे."

"गोम असू दे नाहीतर साप असू दे. तू जा," बाप म्हणाला. "पाटी गेली खड्ड्यात. मला फक्त कळू दे, तो पळाला की मेला."

"पळाला असं निघालं तर?"

"तर तसं सांग. थाप मारलीस तर मला कळेल. थापा ओळखायला तू माझ्याकडूनच शिकलीस."

खोलीचा नंबर त्याला आठवत नव्हता. दोनच गोष्टी आठवत होत्या. दाराला तीन पायऱ्या होत्या, आणि वरच्या पायरीवर बसलं की डाव्या हाताला खाणीचं मोठं चाक दिसायचं, माणसांचा पाळणा खाली सोडणारं. एवढ्या भांडवलावर ठिणगी बसमध्ये बसली.

गावात कागदपत्रं ठेवली होती ती जुन्या दिवाघरात. खाली उतरण्याआधी कामगारांना जिथे दिवे मिळायचे, ती ही खोली. एका भिंतीवर लांबलचक फळी, फळीला शेकडो खिळे, जवळपास प्रत्येक खिळ्याला नंबर कोरलेली पितळी चकती. तिला टोकन म्हणायचे: नोकरीत असेतो ती कामगाराजवळ, नोकरी सुटली की परत खिळ्यावर. राखणीला एक म्हातारा होता, ज्याने तीस वर्षं इथे दिवे वाटले होते, आणि त्याच्याआधी त्याच्या बापाने. गाव त्याला अजूनही दिवेवालाच म्हणतं. शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलणंही तसंच.

ठिणगीने आजाचं नाव सांगितलं. दिवेवाल्याने वही काढली, बोट फिरवलं. "टोकन अठ्ठ्याऐंशी. खोली सतरा." आणि वही मिटायला लागला.

"वही इकडे फिरवा."

"मी वाचून दाखवतो की."

"मला वाचता येतं. फिरवा."

वहीत लिहिलं होतं: 'गैरहजर. पहाटे कोट घालून गावाबाहेर जाताना दिसला. पळाला. खोली खाली करून घेतली.' ठिणगीची कानशिलं तापली. आजीच्या अख्ख्या जन्माची वासलात कुणीतरी दोन ओळींत लावून टाकली होती, तीही झोकदार अक्षरात. तिने विचारल्याशिवायच आदलं पान उलटलं.

"बाई, पानं जीर्ण आहेत..."

"माझा हात हलका आहे. काच कापू शकते मी."

आदल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी नंबर पहिल्या पाळीला उतरलेला होता. वर आल्याची खूणही होती. म्हणजे माणूस आठ तास कोळसा फोडून वर आला, आणि पहाटे पळाला? पळायचं असतं तर आधीच नसता पळाला? तिची नजर खाली सरकली. त्याच दिवशी दुसऱ्या पाळीत छत कोसळलं होतं. एक माणूस गाडला गेला, प्रेत मिळालं नाही. टोकन एकशे बारा. खोली अठरा.

"सतरा आणि अठरा शेजारी?"

"भिंतीला भिंत."

"संध्याकाळी एक शेजारी मेला आणि पहाटे दुसरा पळाला?"

"योगायोग असतो."

"माझ्या दुकानात तो माल ठेवत नाही." तिचं बोट एकशे बाराच्या रकान्यावर थांबलं. दोन दिवस आधी गैरहजर. आदल्या दिवशी गैरहजर. त्या दिवशी हजर, दुसरी पाळी. "सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर काय व्हायचं?"

"खोली जायची."

"आणि आजारी माणूस?"

दिवेवाला चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता. "काहीतरी करून हजेरी लावायचा."

"दिवा देताना चेहरा बघायचे का?"

"पाळी सुरू होताना दोनशे माणसांची झुंबड असायची, बाई. टोकन बघायचं, दिवा द्यायचा. खाली गेल्यावर सगळे सारखेच काळे."

"म्हणजे दुसऱ्याच्या टोकनवर उतरता यायचं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही आहात. तेच तर ऐकतेय मी केव्हाची."

तिने फळीकडे पाहिलं. अठ्ठ्याऐंशी नंबरची चकती खिळ्यावर शांतपणे लटकत होती. एकशे बाराचा खिळा रिकामा होता.

खोल्यांची रांग उतारावर होती. वरच्या टोकाच्या खोल्यांना एक पायरी, मधल्यांना दोन, खालच्या चारांना तीन. नंबर कधीचे रंगाखाली गेलेले. ठिणगी एकेका तीन पायऱ्यांच्या दारात जाऊन वरच्या पायरीवर बसली. लोक खिडक्यांतून बघायला लागले. एका दारातून चाक पाण्याच्या टाकीमागे लपलं होतं, दुसऱ्यातून शेजारचं छप्पर आडवं येत होतं. तिसऱ्या ठिकाणी ती बसली आणि डावीकडे मान वळवली. चाक समोर उभं, गंजलेलं, अख्खं.

तिने मागे वळून पाहिलं तर दारच नव्हतं. चौकटीत विटा रचून गिलावा केलेला. तीन पायऱ्या चढून माणूस सरळ भिंतीवर आपटावा, अशी व्यवस्था. आतून भिंत फोडून कुणीतरी ही खोली शेजारच्या खोलीला जोडून घेतली होती. असं आहे तर, ठिणगी मनात म्हणाली, आणि शेजारचं दार वाजवलं. ठोठावलं म्हणणं जास्त बरोबर.

दारात ऐंशीची एक म्हातारी. डावी पापणी अर्धी मिटलेली, उजवा डोळा दोन्हींचं काम करणारा.

"कोण पाहिजे?"

"सतरा नंबर."

"हा अठरा आहे."

"ते दिसतंय. सतरा तुम्ही गिळलाय."

"तोंड सांभाळ गं. ओसाड पडली होती खोली. माझ्या आईने रीतसर अर्ज करून घेतली. तू कोण?"

ठिणगीने आजाचं नाव सांगितलं. म्हातारीचा हात कडीवर गेला. दार लागणार असं वाटलं. मग तिने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आत ये. चारचौघांत तमाशा नको."

आत चहा झाला. ठिणगीने म्हातारीने घोट घेतल्यावरच घेतला. फोडलेल्या भिंतीच्या जागी पडदा होता, पलीकडे एक कॉट आणि शिवणयंत्र. इथेच कुठेतरी आपला बाप रांगला असेल, असं मनात आलं, पण तिने ते तिथेच दाबलं. खुंटीवर एका माणसाचा फोटो होता. म्हातारा, किरकोळ, डावी पापणी अर्धी मिटलेली.

"हे कोण?"

"मामा."

"आणि वडील?"

"खाणीत गेले. मी तीन वर्षांची होते. त्यांचा फोटो नाही."

"मामाचा डोळा हुबेहूब तुमचाच आहे."

"भाचीचा डोळा मामासारखा नसतो का?"

"असतो की. मामा गावातलेच?"

"नाही. वर्षातून एकदा यायचे."

"कुठल्या दाराने?"

हा दगड तिने अंधारातच मारला होता. म्हातारीने कप खाली ठेवला.

"मागच्या," ती म्हणाली.

मग भिंतीकडे बघत बोलायला लागली.

"वडील दोन दिवस तापाने फणफणले होते. तिसरा दिवस भरला असता तर खोली जात होती. तुझा आजा पहिली पाळी करून आला होता, घरात शिरून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आईने पदर पसरला. तो म्हणाला, वहिनी, आण ते टोकन. कोट इथेच काढून ठेवला आणि गेला. संध्याकाळी भोंगा झाला. वहीत मेले माझे वडील. कंपनीने आईला निरोप पाठवला, मेलेल्याच्या कुटुंबाला खोली कायमची. आता जिवंत माणूस घरात कसा ठेवायचा? पहाटे आईने त्यांच्या अंगावर तुझ्या आजाचा कोट चढवला आणि बाहेर काढलं."

"म्हणजे लोकांनी बघावं म्हणून."

"हो."

"माझी आजी त्याच भिंतीपलीकडे नवऱ्याची वाट बघत होती."

"हो. आई मरताना मला हे सांगून मेली. तोवर मी त्यांना मामाच म्हणत होते. सत्तेचाळीस वर्षं मामा. नंतर बाबा म्हणायचं म्हटलं तर जिभेवर येईना, आणि मग तेही गेले."

ठिणगी उठून उभी राहिली. तिला काहीतरी फोडायचं होतं. हाताशी फक्त कप होता आणि तोही परका. "माझ्या बापाला आयुष्यभर पळपुट्याचा पोरगा म्हणाले लोक. तुम्ही खोलीत पाय पसरून झोपलात."

"झोपलो. खोटं कशाला बोलू? आता तू खोली मागशील."

"मला तुमची खोली नको. हे सगळं वहीत हवंय. तुमच्या सहीने."

"आणि वहीत लिहिल्यावर नगरपालिका म्हणेल, तुमचा माणूस मेलाच नव्हता, चला बाहेर."

"कोण म्हणतं ते मी बघते. साध्या नळासाठी सात महिने ऑफिसात धरणं धरलंय मी."

"तुझ्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका. मी तरी तुमच्यावर कुठे ठेवलाय?"

म्हातारीने तिच्याकडे उजव्या डोळ्याने निरखून पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या. "चल. ऐंशीच्या बाईला हाकलायचं तर त्यांना तेवढे दिवस तरी मिळतायत का बघू."

दिवाघरात अर्ज ठिणगीने स्वतः लिहिला. पूर्वज कुठे राहत होते: खोली सतरा. पुढे काय झालं: 'पहिली पाळी करून आल्यावर आजारी शेजाऱ्याची खोली जाऊ नये म्हणून त्याच्या टोकनवर, एकशे बारावर, पुन्हा उतरले. छत कोसळून मेले. पळाले नाहीत.' साक्षीदाराच्या रकान्यात म्हातारीने सही केली. 'नातं' या शब्दापुढे पेन थांबलं. मग तिने सावकाश लिहिलं: 'एकशे बारा नंबरची मुलगी. वडील त्या दिवशी घरी होते.'

दिवेवाल्याने दोनदा वाचलं. "हे घेता येणार नाही. एकशे बाराच्या मृत्यूची नोंद आधीच आहे."

"मग ती खोडा."

"वहीत खोडायची परवानगी नाही."

"मग तिच्याखाली हे लिहा. खाली जागा आहे, मी मघाशीच बघून ठेवलीय. आणि ते दिवे त्या दिवशी कोणी वाटले, तुमच्या वडिलांनी ना? त्यांचं नाव मी अर्जात घातलेलं नाही. अजून तरी."

दिवेवाल्याने अर्ज वहीत त्या नोंदीखाली उतरवला आणि शिक्का काढला.

बाहेर येऊन तिने बापाला फोन लावला. बापाने शेवटपर्यंत ऐकलं आणि पहिला प्रश्न टाकला: "हे सांगतंय कोण? त्या बाईला खोली हवी असणार."

"खोली तिच्याकडेच आहे, बाबा."

"मग कशाला सांगेल? काहीतरी लबाडी आहे."

ठिणगीने फोन म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"दादा," ती म्हणाली, "तुमचे वडील माझ्या वडिलांच्या जागी गेले. कोट घालून गेलेला माणूस माझा बाप होता." आणि फोन परत केला.

पलीकडून आवाज आला, "वहीत लिहिलंय?"

"लिहिलंय. फोटो काढलाय पानाचा."

"वाच."

तिने वाचलं. बाप म्हणाला, परत वाच. तिने परत वाचलं. तिसऱ्यांदा 'पळाले नाहीत'पाशी आली तेव्हा पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला, आणि तो आपण ऐकलाच नाही असं दाखवत ती पुढचं वाचत राहिली.

"शिक्का नीट उठलाय का बघ," बाप म्हणाला. "अर्धवट उठवतात ते लोक."