शिवडीच्या बांधावरचा लंगडा परीट

दाजी वारल्याचा निरोप भोईवाड्याहून आमच्या गिरगावच्या छापखान्यात आला, तेव्हा भाद्रपद सरत आला होता. तापाने गेला, असे निरोप्याने सांगितले. माझ्या मनात प्रथम आले ते विचित्रच... परीट यायला आता थोडेच दिवस उरले होते.

दाजी शाळामास्तर. पाऊस ओसरू लागला की उत्तरेकडून येणारे पक्षी पाहायला तो शिवडीच्या खाजणावर, खाडीकाठच्या चिखलात, जाई आणि मलाही ओढून नेई. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बांधावर त्याला एक पांढरा परीट दिसला. शेपूट सारखी वरखाली, पण डाव्या पायाला पंजा नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडी तो नाहीसा झाला, आणि गेल्या आश्विनात त्याच बांधावर तसाच लंगडा परीट हजर! तोच का हा? कुठल्या मुलखातून येऊन त्याला नेमका हाच बांध कसा सापडतो? बंदूक घेऊन हिंडणारा एक साहेब दाजीला म्हणाला, मारून आणा, मग तपासू. दाजी वाटेत मला म्हणाला, "अरे, मारला तर पुढच्या वर्षी येणार कोण, त्याचा बाप?" एकदा परतला हा योगायोग असेल, पुन्हा आला तर मानीन, असे त्याने ठरवले होते.

सर आली तरी तो छत्री उघडत नसे; उघडली की पक्षी उडतात.

"मग आणतोस कशाला?"

"हिच्या समाधानासाठी. घरी गेलो की भिजलो म्हणून बोलणी खातोच."

आश्विन लागल्यावर मी त्याच्या बिऱ्हाडी गेलो. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भाऊजी, खाजणावर जाणार ना? त्यांची छत्री न्या... तापातसुद्धा विचारत होते, आला का म्हणून."

हस्ताचा पाऊस होता. बांधावर परीट होते, पण सगळे धडधाकट. ओहोटी लागेपर्यंत थांबलो. परत फिरणार, तोच दगडाआडून एक जण उडी मारत पुढे आला, कलला, शेपूट आपटून सावरला. डावा पाय तसाच, बिनपंजाचा. सर वाढली. तो उडेपर्यंत मी हललो नाही.

भोईवाड्यात पोचलो तेव्हा अंगावरून पाणी निथळत होते. छत्री दारातून आत दिली. वहिनींनी ती किंचित उघडली. घड्या आतून कोरड्या होत्या. मी बोलण्याआधीच त्या म्हणाल्या,

"आला म्हणायचा."

आणि छत्री तिच्या खुंटीला लावली.