बाबूभाईंच्या सुराला लावलेली सतार

आज सकाळी सांगलीत तिघा तरुणांची बैठक ऐकली. सतार, व्हायोलिन आणि सॅक्सोफोन. थोडं शास्त्रीय, थोडं जॅझ. छान वाजवलं. निवेदक मात्र म्हणाले, "असा प्रयोग आपल्याकडे पहिल्यांदाच." मंडळी, हे चूक आहे.

चौऱ्याहत्तर साली कॉलेजच्या संमेलनात आम्ही हेच केलं होतं. माझी सतार, मैत्रीण कुसुमचं व्हायोलिन आणि मिरजेच्या लग्नाच्या बँडमधल्या बाबूभाईंचा सॅक्सोफोन. आदल्या दिवशीच्या तालमीत सूर जुळेनात. मी ठणकावलं, "बाबूभाई, माझ्या सतारीला लावून घ्या."

"लय बघितलं ताई. पर ह्या पितळंला खुंट्या न्हाईत. तुमीच जरा खाली या की."

"एका बँडवाल्यासाठी मी सतार उतरवू?"

कुसुम म्हणाली, "मग उद्या एकटीच वाजव."

मुकाट्याने खुंट्या पिळल्या. खालच्या बारीक तरफेच्या तारांसकट तासभर गेला. तेवढा वेळ बाबूभाई प्रत्येक तारेसाठी सूर धरून बसले. दुसऱ्या दिवशी लोकांनी आम्हाला उठूच दिलं नाही.

'बँडवाला' म्हटल्याची माफी मागायला मला वर्ष लागलं. ते हसून म्हणाले, "आवं, त्योच तर माझा धंदा हाय!"

तुमची एखादी माफी राहिली आहे का? मागून टाका.