दहाने भागणारा अण्णा

नागोजीअण्णा गेल्याचा रेखाचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी येलहंकाच्या बाजारात अवरेकाळूच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा निवडत होतो. तिथून त्याच शहरातल्या चामराजपेटला, त्याच्या घरी पोचायला मला वीस तास लागले. अण्णा असता तर त्यानं जागच्या जागी दहाने भागून 'दोन' म्हटलं असतं, आणि तेच बरोबर निघालं असतं.

अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, जुना शेजारी, धंद्यानं वजनकाटे दुरुस्त करणारा. मी जन्माचा थापाड्या. माझ्या आजोबांनी वाघाला कानडी शिकवली हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. अण्णानं दहाने भागून वाघाचं मांजर केलं, कानडी मात्र तशीच राहू दिली. पन्नास वर्षं असं सुखात चाललं होतं...

मी निवृत्त झालो त्या वर्षी एकदा फणस घेऊन त्याच्या दुकानात गेलो. "केवढा आहे रे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नऊ किलो." त्यानं फणस काट्यावर ठेवला. नऊ किलो भरला. त्यानं मापाची वजनं ठेवून काटा तपासला, फणस पुन्हा तोलला. पुन्हा नऊ. मग काटा बाजूला सारून त्यानं विचारलं,

"गुंड्या, तुला काय होतंय?"

"काही नाही. झोप स्वल्प कमी."

"किती दिवस?"

"दीड-दोन महिने."

नातेवाइकांनी तोवर पित्त, हवापालट, देवदर्शन, सगळं सुचवून झालं होतं. जेवण मातीसारखं लागत होतं, कशात मजा उरली नव्हती, आणि तरी मी आळसाला दोष देत होतो. अण्णानं मनाच्या डॉक्टरांचं नाव काढताच मी त्याच्यावर उखडलो. "मला वेडा ठरवतोस?" तो शांतपणे दुकानाचं शटर ओढत म्हणाला, "रोज बिघडलेले काटे येतात माझ्याकडे. एकालाही वेडा म्हटलेलं नाही. चल."

मला वाटलं होतं, डोक्यात बल्ब लावून बघतील. डॉक्टरबाईंनी नुसते प्रश्न विचारले. झोप किती, भूक किती, मन कशात रमतं का, हे रोज होतं की अधूनमधून, किती आठवड्यांपासून. कधी उलट अतिउत्साहात दिवसच्या दिवस झोपेविना काढलेत का. थायरॉइड बिघडला तरी असं होतं, म्हणून रक्त तपासायला सांगितलं. आणि मी, जन्मभर सगळं फुगवून सांगणारा, तिथे मात्र छोटं करून सांगू लागलो. थोडंसं, विशेष नाही, चालायचंच. शेजारच्या खुर्चीवरून अण्णा म्हणाला, "डॉक्टर, आज याचं बोलणं दहाने गुणा."

मग बाईंनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि मला विचारलं, "आपण नसतो तर बरं, असं वाटतं?" मी "हो" म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य. बाई म्हणाल्या, हा नैराश्याचा आजार आहे, याला नाव आहे आणि उपचारही. त्या क्षणी मला रडू आलं, आणि त्यात सुटकाच जास्त होती. गोळ्या, समुपदेशन, आठवड्यांमागून आठवडे... अण्णा दर खेपेला दुकान बंद करून येई आणि त्याच खुर्चीवर बसे. चौथ्या महिन्यात मी बाईंना सांगितलं की तुमच्या दवाखान्याची रांग म्हैसूरपर्यंत गेली आहे. अण्णा म्हणाला, "सरी, ठीक आहे, डॉक्टर. आता भागा." नंतरची नऊ वर्षं मी जगलो, ती त्याच्यामुळे.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी या लेखाचा पहिला खर्डा मी रेखाला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली,

"काका, यात एकही थाप नाही."

"तुझ्या बाबांवरचा लेख आहे, म्हणून."

"झोप किती लागते?"

"साडेचार तास."

दोन तासांत ती रिक्षानं येलहंकाला माझ्या घरी हजर, आणि मला घेऊन थेट दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी या वेळी सगळं पहिल्यापासून विचारलं, मीही सगळं नेमकं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे दुःख आहे, प्रत्येक दुःख आजार नसतं. पण तुम्हाला तो एकदा होऊन गेलाय, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा या. "सोबत कोण येईल?" त्यांनी विचारलं. दाराशी उभ्या असलेल्या रेखानं पुढे येऊन अण्णाची खुर्ची ओढली, तिच्यावर बसली आणि फोनमध्ये तारीख टिपून घेऊ लागली.