किती वाजले, बाबूजी?

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत मी बुऱ्हाणपूरच्या एका गिरणीत कारकून होतो. मला महिन्याचा पगार. भोंगा वाजवणारा माणूस रोजावर. संध्याकाळी तो कचेरीच्या खिडकीशी यायचा. हात तेलकट म्हणून पाठीमागे धरायचा. भिंतीवरच्या घड्याळात पाच झालेले दिसले की जाऊन भोंग्याची साखळी ओढायचा आणि मजूर सुटायचे. मी मात्र बसलेलाच असायचो. एकदा हसून म्हणाला, "आमले भोंगा सोडस. तुमले कोन सोडस, बाबूजी?"

पुढे नव्या कायद्यानं मजुरांचे तास बांधले. मॅनेजरसाहेबांनी मला रोज दुपारी घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं मागे सारायला आणि मजूर सुटले की पुन्हा पुढे करायला सांगितलं. नोकरी जाईल या भीतीनं मी स्टुलावर चढलो.

तिसऱ्या दिवशी तो आला. धुराड्याची सावली विहिरीला टेकली होती; म्हणजे पाच वाजले होते. त्यानं सावलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वाजले, बाबूजी?"

"पावणेपाच."

तो मान हलवून उभा राहिला.

त्यानंतर त्यानं घड्याळाकडे पाहणंच सोडलं. रोज सावली टेकली की माझ्या तोंडाकडे बघून तोच प्रश्न, त्याच अदबीनं. मी वहीतून मान वर न करता "पावणेपाच" म्हणायचो.

एके दिवशी त्याचे हात पाठीमागे नव्हते. खिडकीचे दोन गज त्यानं घट्ट धरले होते.

"किती वाजले, बाबूजी?"

मी उठलो आणि स्टूल घड्याळाखाली ओढलं.